मांडवभर पानं

टुलूचा फोन आला तेव्हा मी दारात बसून रोपांसाठी टेमे वळत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये कसाबसा धरला, तर पोरगी पलीकडून कुजबुजत होती.

"मा, वेल मांडवावर मावत नाही आता. पानं सुपाएवढी झालीत. पण दुधी एकही नाही. फुलं येतात ती सगळी नर. संध्याकाळी उमलतात, सकाळी खाली सडा."

"एकही मादी फूल नाही? खाली बोटभर दुधी असतो तसलं?"

"दोन आली होती. पिवळी पडून गळाली."

"खत घालतेस?"

"तू सांगितलंस तसंच. दर आठ दिवसांनी, प्रत्येक वेलाला मूठभर. सासूबाई आंघोळीला गेल्या की."

मी म्हटलं, "आता घालू नको. उद्या येते मी." तिने का म्हणून विचारलं नाही. माझी लेक लहानपणापासून अशीच आहे, सांगितलेलं ऐकते, आणि त्याचाच मला त्या दिवशी राग आला.

आमच्याकडे आषाढापासून माघापर्यंत जमीन नावाची गोष्ट नसते. पाणी असतं आणि पाण्यावर जलपर्णी. ती ओढून, एकावर एक रचून, पायांनी तुडवून आम्ही लांबच लांब तरते वाफे करतो. वरचा थर कुजला की त्यावर टेमे मांडायचे. टेमा म्हणजे कुजक्या जलपर्णीचा मुठीएवढा गोळा, आत मोड आलेलं बी. गोळे वळायचं काम बायकांचं. वाफा बांधणाऱ्या पुरुषांनी कितीही मिशीला पीळ दिला तरी रोप जगतं ते टेम्यावर, आणि गावात माझ्या टेम्यांना तोड नव्हती. हे मी म्हणत नाही, मोताहार बेपारी म्हणायचा. चौदा वर्षं तो माझी रोपं उचलून वरच्या गावांत, जिथे माती आहे तिथे, विकत होता. "बिभादिदीचं रोप. पांढऱ्या खताचा कण नाही. नुसती कुजकी पानं आणि बाईच्या हाताचं पुण्य." एवढं बोलून तो इतरांपेक्षा चढा भाव घ्यायचा आणि मलाही द्यायचा. नवरा गेल्यावर त्या भावावर माझी चूल पेटली, टुलूचं लग्न झालं.

आता खरं सांगते. त्या पुण्यात गेली तीन वर्षं युरिया होता.

एका साली जलपर्णी उशिरा आली. वाफे अर्धे कच्चे राहिले, आणि कच्ची जलपर्णी कुजता कुजता रोपांच्याच तोंडचा घास खाते. माझी मिरची, वांगी, दुधी, सगळी रोपं पिवळी पडली. मोताहार चार दिवसांवर आलेला. मी दोन नद्या ओलांडून, जिथे मला कुत्रं ओळखत नाही अशा दुकानातून युरिया आणला, बादलीत विरघळवला आणि पहाटे शिंपडला. तिसऱ्या दिवशी वाफा असा हिरवागार झाला की मी स्वतःच भुलले. मोताहार म्हणाला, "दिदी, तुमच्या हाताला काय म्हणावं." मी हसले. तिथेच सांगून टाकायचं होतं. शेजारणी उघड उघड टाकत होत्या, त्यांना कोण काय म्हणत होतं? खत टाकण्यात पाप नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याने सर्वांसमोर विचारलं आणि मी तोंडाने "कधीच नाही" म्हटलं, पाप तिथे झालं. गोणी कोंड्याच्या पिंपात लपवायला लागले ती तेव्हापासून.

टुलूच्या लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. जावई सुब्रत लाँचवर स्वयंपाकी. चार महिन्यांतून आठ दिवस घरी, त्यातले दोन प्रवासात जातात. आता त्यात देवाने तरी काय करावं? पण हे कोणी बोलत नाही. बोलतात ते टुलूकडे बघून. तिच्या सासूने, चारुबालाने, या आश्विनात अंगणातला दुधीचा मांडव तिच्या हवाली केला. म्हणाली, "बौमा, तुझ्या हाताने लाव. तुझ्या हाताला फळ धरलं तर घरालाही धरेल." टुलूने मला हे सांगितलं तेव्हा मी ताडकन उठले. माझी निवडक सात रोपं दिली, आणि सोबत एका फडक्यात युरिया बांधून दिला. "दर आठ दिवसांनी मूठभर. मेलीस तरी कोणाला सांगू नको."

मूठ म्हणजे मूठ, एवढंच माझ्या डोक्यात. आमच्या वाफ्याला बूड नसतं. वरून टाकलेलं अर्धं पाऊस धुऊन नेतो, उरलेल्यातलं निम्मं जलपर्णी खाते, रोपाच्या वाट्याला चिमूट येते. टुलूच्या सासरी मातीचा उंच ओटा, त्यात तळ्यातला गाळ आणि गोठ्यातलं शेण आधीच भरलेलं. तिथे मूठ टाकली की मूठच पोचते. वेल खाऊन खाऊन माजतो, पानांवर पानं काढतो, त्याला फळायची घाईच उरत नाही. जन्मभर पाण्यावर शेती केलेल्या बाईला मातीचं माप कुठून कळणार? पण हे सगळं शहाणपण फोन ठेवल्यानंतरचं.

दुसऱ्या दिवशी गेले. घाटावरूनच मांडव दिसला. पानं इतकी गर्द, जवळजवळ काळी, की खाली दुपारीही अंधार. आमच्याकडे असं रोप बघून लोक आ वासतात. मला मात्र तिथेच परत फिरावंसं वाटलं.

विहीणबाई चारुबाला ओसरीवर बसून सुपारी कातरत होती. "या बेयान. बघितलात लेकीचा पराक्रम? रोज शेजारणी बघायला येतात. म्हणतात, काय गं हा वेल. मी म्हणते, आमच्या सुनेसारखा आहे. रंगरूपात काही कमी नाही."

टुलू पाण्याचा लोटा घेऊन आली होती. तिने तो माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली.

"बेयान, मी भांडखोर बाई नाही," चारुबाला म्हणाली. सुपारी कातरायची थांबली नाही. "चार वर्षं मी गप्प होते की नाही, सांगा. मांडव हा माझा कौल होता. देवाने कौल दिला. पौषसंक्रांतीला सुब्रत येतोय. सणाचे गोड पिठे खाऊन झाले की तो तिला तुमच्याकडे पोचवेल. तिचं सगळं सामान देईन, वाटीसुद्धा ठेवून घेणार नाही."

मी एका दमात सगळं सांगितलं. फडक्याचं, मुठीचं, कोंड्याच्या पिंपाचं. "दोष तिच्या हातात नाही, बेयान. खतात आहे, आणि खत माझं आहे. शेंडे खुडा, ओटा पाण्याने धुऊन काढा, पंधरा दिवसांत फळ धरेल."

चारुबालाने पहिल्यांदा अडकित्ता खाली ठेवला आणि माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत खरोखर माया होती. "आई आहात तुम्ही. माझ्या मुलीवर आली असती तर मी चोरीसुद्धा कबूल केली असती."

"अहो, खरं सांगतेय मी."

"मोताहार मियाँ याच अंगणात उभा राहून तुमच्या नावाची शपथ घेतो. त्याला खोटारडा म्हणू? तुम्ही आणि युरिया! बाजारात सांगितलंत तर लोक माझ्यावरच हसतील." मग आत बघून हाक मारली, "बौमा, तू खत घातलंस वेलाला?"

टुलू दारात आली. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून हलवून सांगत होते, बोल, बोल.

"नाही, मा," ती सासूला म्हणाली.

चारुबालाने पुन्हा अडकित्ता उचलला.

घाटावर मी टुलूचा दंड धरला. "तुझ्या डोक्यात काय भरलंय? मी स्वतः सांगत होते ना?"

"तूच म्हणाली होतीस, मेलीस तरी सांगू नको."

"तेव्हा म्हटलं होतं. आत्ता काय म्हणत होते?"

"मला बहुतेक परत यावंच लागेल, मा. आले तर दोघींनी खायचं काय? तुझं नाव आहे म्हणून चूल आहे. ते पण घालवू?"

मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "निदान शेंडे तरी खुड गुपचूप." तर म्हणाली, सासूबाई रोज सकाळी वेल बघतात, एक शेंडा तुटला तरी म्हणतील आता वेलही मारायला निघाली. म्हणजे चारुबालाला पटल्याशिवाय मांडवाला हात लागणार नव्हता, आणि संक्रांतीला पुरता महिनाही उरला नव्हता.

परत येताना होडीत एकटीच रडले. मग राग आला, आणि राग आला की माझं डोकं चालतं. चारुबाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हती कारण तिचा माझ्या नावावर विश्वास होता. मग नावच मोडायला हवं होतं.

शनिवारी बैठाकाट्याचा पाण्यावरचा बाजार. सकाळी होडीला होडी लागलेली, रोपं, भाज्या, तांदूळ, चहावाला आपला डोंगा मधून मधून सरकवतोय. मोताहारची मोठी होडी नेहमीच्या जागी होती. मला बघून त्याने चहा मागवला. एकट्याला सांगितलं असतं तर त्याने ते पोटात ठेवलं असतं, त्याचाही धंदा माझ्या नावावर होता. म्हणून मी युरियाची अर्धी गोणी होडीच्या फळीवर ठेवली आणि मोठ्याने म्हटलं, "मोताहारभाई, तीन वर्षं माझ्या रोपांना हे घालतेय. तुम्हाला खोटं सांगितलं."

आजूबाजूच्या होड्या जवळ सरकल्या. मोताहार हसला. "दिदी, सकाळी सकाळी मस्करी?"

"माझ्या वाफ्यावर चला. त्यावर पाय ठेवा."

तो आला, आणि त्याच्यामागे चार-पाच होड्या. तमाशा कोणाला नको असतो? नीट बांधलेला वाफा पाणी ओसरेपर्यंत टिकतो, त्यावर माणूस खुशाल चालतो. युरियाने जलपर्णी झपाट्याने कुजते. वरून माझा वाफा मिरचीच्या रोपांनी झगमगत होता. मोताहारने एक पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. दुसरं टाकलं तर मांडीपर्यंत. लोकांनी ओढून काढला. त्याची लुंगी काळ्या चिखलाने भरली होती आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मला त्याच्याकडे बघवेना.

"काउखालीचा एक म्हातारा," तो सावकाश म्हणाला, "गेल्या वर्षी आला होता. म्हणाला, तुझी रोपं उन्हात मान टाकतात, दोनशेतली तीस जगली. मी त्याला काय सांगितलं माहितीये? म्हटलं, चाचा, बिभादिदीचं रोप मरत नाही, तुमचा हातच खोटा. तो म्हातारा माझी माफी मागून गेला, दिदी. माझी."

मी म्हटलं, "मला शिव्या द्या."

"देऊन काय करू?"

"बानारीपाड्याला जा. माझ्या विहिणीच्या अंगणात जाऊन सांगा."

"जाईन. तुझ्यासाठी नाही. तिथे घेतलेली शपथ परत घ्यायची आहे मला." चौदा वर्षांत तो मला पहिल्यांदा तू म्हणाला. जाताना त्याने माझं एकही रोप उचललं नाही.

चार दिवसांनी चारुबालाचा फोन. आवाज कोरडा. "बेयान, मोताहार मियाँ येऊन गेला. बौमाला पुन्हा विचारलं, ती रडली. कोण खोटं बोललं आणि का, ते मी नंतर बघते. आधी वेलाचं काय करायचं ते सांगा."

मी सांगितलं. ओट्याभोवती चर काढून दोनदा भरपूर पाणी सोडायचं आणि वाहून जाऊ द्यायचं. वेलांचे शेंडे खुडायचे, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतील, मादी फुलं तिथेच येतात. खालची माजलेली पानं काढायची, चुलीतली राख घालायची. दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाला टेकवायचं, आणि हे टुलूनेच करायचं. शेवटचं माझ्या मनाचं होतं. कोणीही टेकवलं तरी फळ धरतंच.

तिकडे वेल सुधारत होता आणि इकडे माझा धंदा बसत होता. शेजारच्या बायका माझ्यासमोर आपल्या रोपांवर युरिया टाकायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांनी कधी पुण्याचा भाव घेतला नव्हता, त्यांना हसायचा हक्क होता. बाजारात मी होडी भरून न्यायची आणि भरलेलीच परत आणायची. नंतर नेणंच सोडलं. वाफा मधोमध फाटला, मिरची पाण्यात गेली. पण खोटं सांगत नाही, त्या दिवसांत मला झोप मात्र चांगली लागायची. पंधराव्या दिवशी टुलूचा फोन आला, "मा, सात धरलेत. केसाळ, हिरवे, अंगठ्याएवढे." त्या दिवशी मी रात्रभर पाण्यात भिजवलेला पान्ता भात पोटभर खाल्ला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी चारुबालाने मुद्दाम बोलावलं. सुब्रत दुसऱ्या दिवशी येणार होता. मी सकाळीच निघाले, बाजाराला जायची तीच मोठी होडी घेऊन. होडीत मी आणि होडी रेटायचा बांबू, दुसरं काही नाही.

मांडव निम्म्याने विरळ झाला होता, खाली ऊन पोचत होतं, आणि सगळीकडे दुधी लोंबत होते. मी चौदा मोजले. टुलू खाली उभी होती, तिच्या गालांवर रंग होता. अंगणात पाच-सहा शेजारणी पिठे खात बसल्या होत्या. चारुबालाने मला हाताला धरून मधोमध बसवलं, स्वतः ताट वाढलं, कोलंबी घालून शिजवलेला दुधी वाढला. पहिल्या तोडणीचा.

"बेयान, मला तुमचा राग आला होता," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "पण तुम्ही स्वतःची अब्रू घालवून खरं सांगितलंत. असं कोण करतं? मी हिला बोल लावला, ते चुकलं माझं."

मी टुलूकडे बघितलं. ती हसत होती.

"वेलाला काय झालं होतं ते तुम्ही सांगितलंत आणि वेल फळला," चारुबाला पुढे म्हणाली. माझा हात तिने सोडला नव्हता. "म्हणजे वेलात दोष नव्हता. आता हिचं सांगा."

"हिचं काय?"

"हिलाही तुम्ही लहानपणी काही दिलं असेल. काही औषध, कसलं पाणी. काय असेल ते सांगा, मी रागावणार नाही. त्यावर उपाय करू. उद्या सुब्रत आठ दिवसांसाठी येतोय."

ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी दुप्पट परत केला असता. ती खरंच वाट बघत होती, माझ्या तोंडाकडे बघत, आणि शेजारणी चावायच्या थांबल्या होत्या. मी आठवून बघितलं. हो, बघितलं. टुलूचे ताप आठवले, कडूनिंबाचा काढा आठवला, पायाला चावलेली जळू आठवली. एखादं खोटं तरी सुचावं, जे माझ्यावर घेता येईल, म्हणून डोकं खाजवलं. तीन वर्षं खोट्यावर जगलेल्या बाईला त्या वेळी एक खोटं सुचलं नाही.

"काही नाही दिलं," मी म्हटलं. "बेयान, खरंच काही नाही."

चारुबालाचा हात हळूहळू सैल झाला. "मग राहिलं काय?" ती म्हणाली, आणि तिने टुलूकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

टुलूचं हसू गेलं होतं. ती रडली मात्र नाही. तिने पदराला हात पुसले, मांडवाखालून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मा, होडी रिकामी आहे ना तुझी?"

"रिकामीच आहे."

"मग माझी पेटी मावेल," ती म्हणाली, आणि पेटी आणायला आत गेली.